महापे: पाइपलाइनच्या फायलींचे दिवस

सोमवार, 7 जुलै 2025
प्रत्येक सेवेच्या रेपोत बिल्ड-टेस्ट-डिप्लॉयचं तेच यॅमल चिकटवलेलं होतं. गेल्या महिन्यात ते एका सामायिक रेपोत काढलं. आता प्रत्येक ठिकाणी फक्त गिटलॅबचं ‘इन्क्लूड’ उरलंय: प्रोजेक्टचं नाव, फाइल आणि रेफ (म्हणजे कोणती ब्रँच, टॅग किंवा कमिट). दिसायला छान. पण सामायिक फाइलीतली एक ओळ बदलून बघायची, तर कमिट करा, पुश करा, दुसऱ्या रेपोतून पाइपलाइन चालवा आणि रनर मोकळा व्हायची वाट बघत बसा. चहा पिऊन यावं, तर कळतं की स्पेस चुकलीय. तीच फाइल लॅपटॉपवर शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेली असते, पण इन्क्लूडमधला पत्ता सर्व्हरचा.

मंगळवार, 8 जुलै
टीममधल्या नव्या मुलीने त्या शेजारच्या फोल्डरमधल्या फाइलीची सिमलिंक टाकली. “दादा, माझ्याकडे चालतंय!”
“तुझ्याकडे चालणारच. शेजारचं फोल्डर तुझ्याकडे आहे ना.”
गिट सिमलिंकमधली फाइल साठवत नाही, फक्त तिची वाट साठवतो. सर्व्हरवर ती वाट कुठेच जात नाही. तिच्याच मशीनवर जॉब डॉकरमध्ये चालवला तर तिथेही अडलं, कारण कंटेनरला प्रोजेक्टचं फोल्डर दिसतं, बाहेरचं नाही.

बुधवार, 9 जुलै
सबमॉड्यूल. लोकल वाटेवरून जोडायला गेलो तर गिटने ‘फाइल’ ट्रान्सपोर्टला परवानगी नाही म्हणून हाकललं. ऑक्टोबर 2022 मधल्या 2.38.1 पासून सुरक्षेसाठी हे दार बंद आहे. त्या एका कमांडपुरतं उघडता येतं; ग्लोबल सेटिंगमध्ये उघडून ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण एवढं करूनही फायदा शून्य: सबमॉड्यूलच्या वाटेवरची फाइल गिटलॅब ‘लोकल’ इन्क्लूडमध्ये घेतच नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं सरळ लिहिलंय.

शुक्रवार, 11 जुलै
‘गिटलॅब-सीआय-लोकल’ लावलं. जॉब लॅपटॉपवर चालतात, यॅमलमधल्या चुका तिथल्या तिथे सापडतात, रनरची रांग नाही. पण दुसऱ्या प्रोजेक्टची फाइल तेही सर्व्हरवरूनच आणतं. पुश न केलेला बदल त्याला दिसत नाही.

खरा गुंता दुपारी सापडला. सामायिक यॅमलमध्ये ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधली बिल्ड स्क्रिप्ट चालवायची ओळ आहे. इन्क्लूड यॅमल आणतं, शेजारची स्क्रिप्ट आणत नाही. जॉब बोलावणाऱ्या रेपोच्या चेकआउटमध्ये चालतो, म्हणून स्क्रिप्ट तिथेच शोधली जाते. याउलट त्याच यॅमलमधून आणखी एक यॅमल ‘लोकल’ म्हणून ओढलं, तर ते सामायिक रेपोत शोधलं जातं. एकाच फाइलीत दोन वेगवेगळे ‘इथे’! सिडकोच्या सेक्टरांसारखं: सेक्टर 9 वाशीत आहे, ऐरोलीत आहे, नेरुळमध्येही आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर 9’ सांगून भागत नाही.

स्क्रिप्ट बिल्डच्या डॉकर इमेजमध्ये घातली. आता ती पाइपलाइनशिवायही चालवून बघता येते, आणि यॅमलमध्ये हात घालायची वेळच कमी येते. माझ्या मते निम्मं दुखणं इथेच संपलं.

सोमवार, 14 जुलै
रेफवरून लीडशी तासभर वाद. काम चालू असताना आपापल्या ब्रँचवर रेफ सामायिक रेपोच्या ब्रँचकडे वळवायचा, मर्जआधी परत आणायचा, इथवर एकमत. परत कशावर आणायचा? ते म्हणाले, “टॅग पुरे, रेपो आपलीच आहे.” मी मार्चमधलं गिटहबवरचं प्रकरण काढलं: ‘टीजे-अॅक्शन्स’च्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या अॅक्शनचे टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले आणि ते वापरणाऱ्यांच्या गुप्त किल्ल्या लॉगमध्ये छापल्या गेल्या. तेवीस हजारांहून जास्त रेपो ते अॅक्शन वापरत होत्या. टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश नाही.

शेवटी ठरलं: बिल्ड आणि टेस्टला प्रोटेक्टेड टॅग, डिप्लॉयला पूर्ण हॅश. मेनमध्ये ब्रँचचा रेफ घुसला तर मर्ज अडवणारा एक छोटा जॉबही टाकायचाय. हॅश भरायचं काम नव्या मुलीने मागून घेतलं. बिलिंगच्या रेपोपासून सुरुवात, कारण महिनाअखेरीपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही.