खिडक्या बदलल्या, घर उबदार झालं का?

"किती पैसे वाचले?" मेहुण्याचा फोन आला की सलामदुआ होताच हा प्रश्न ठरलेला. त्याला तो विचारायचा हक्कही होता. ब्लॅकबर्नमधल्या आमच्या जुन्या घराला डबल ग्लेझिंगच्या खिडक्या बसवायच्या ठरल्या, तेव्हा बसवणाऱ्यांनी हप्त्यांची सोय सांगितली, पण व्याजासकट. व्याज नको म्हणून मेहुण्याने कर्जे-हसना दिलं. आता त्यालाही तशाच खिडक्या बसवायच्या होत्या. मी नुसतं "छान आहेत" म्हणून भागणार नव्हतं.

खिडक्या मुख्यतः अम्मीसाठी होत्या. दापोलीला आयुष्यभर तिने पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढली. इथे किब्ला आग्नेयेला, आणि तिच्या खोलीत आग्नेयेला नेमकी खिडकी. हिवाळ्यात फजरला मुसल्ला अंथरला की समोर थंडगार काच. म्हणून ती स्वयंपाकघरात बॉयलरजवळ नमाज पढायची.

पहिली तपासणी अंधारात केली. पडदे बाजूला सारून काचेसमोर मेणबत्ती धरली. दोन काचांच्या चार बाजू, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसलं, तर काचेवर उष्णता आत परतवणारा पातळ लेप आहे असं समजायचं. आमच्या सगळ्या काचांत तसं दिसलं. इंग्लंडमध्ये २०२२ पासून बदललेल्या खिडकीचं यू-मूल्य, म्हणजे तिच्यातून उष्णता निसटण्याचं माप, सहसा १.४ पेक्षा जास्त चालत नाही. जुन्या एकेरी काचेचं ते पाचच्या आसपास असतं.

मग वारा असलेल्या दिवशी अगरबत्ती पेटवून चौकटीच्या कडेने फिरवली. धूर सगळीकडे सरळ वर गेला, फक्त अम्मीच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आडवा झाला. तिथे सीलंट नीट भरलंच नव्हतं. दोन फोन केल्यावर माणूस येऊन भरून गेला. चौकटीच्या वर हवेसाठी मुद्दाम ठेवलेल्या फटी असतात, त्या मात्र बुजवायच्या नाहीत. नाहीतर घरात ओल धरते.

एका सकाळी काचेवर बाहेरून दव दिसलं आणि अम्मी म्हणाली, "खिडक्या खराब निघाल्या वाटतं." उलट ती चांगली खूण होती. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती काच थंड राहते आणि तिच्यावर दव धरतं. दव आतून धरलं तर घरात बाष्प जास्त. दोन काचांच्या मध्ये धरलं, तर मात्र सील गेलं.

तापमानही मोजलं. रात्री अकराला हीटिंग बंद करायचं आणि फजरला खोलीतलं थर्मामीटर बघायचं. बाहेर साधारण ३ अंश असताना आधी १९ वरून १३ पर्यंत उतरायचं, आता १६ वर थांबतं.

राहिलं गॅसचं मीटर. दोन हिवाळ्यांची बिलं नुसती शेजारी ठेवून उपयोग नाही, कारण थंडी सारखी नसते. इथे १५.५ अंशांच्या खाली दर दिवशी किती थंडी पडली याची बेरीज करतात, तिला डिग्री-डे म्हणतात. गॅसचा आकडा त्या बेरजेने भागला. बचत निघाली जेमतेम सात टक्के. मी खट्टू झालो. इतक्या पैशांत एवढंच?

कारण दोन दिवसांनी सापडलं. "कशाला गॅस जाळतोस" म्हणत अम्मी आधी स्वतःच्या खोलीतला रेडिएटर बंद ठेवायची. आता तो चालू असतो. पूर्वी आम्ही अर्धं घर तापवत होतो, आता जवळजवळ तेवढ्याच गॅसमध्ये सगळं घर तापतं. शिवाय काच गार असली, की खोलीत १८ अंश असले तरी तिच्यासमोर अंग गारठतं, कारण आपल्या अंगाची उष्णता ती ओढत असते. हे मीटरवर दिसत नाही.

मेहुण्याला सगळं सांगितलं. पैसे वाचवायचे असतील तर आधी माळ्यावर इन्सुलेशन घाल, खर्च कमी आणि फरक जास्त. खोली वापरात आणायची असेल तर खिडक्या घे. आणि मेणबत्ती-अगरबत्तीची तपासणी शेवटचा हप्ता देण्याआधी कर. मी नंतर केली, म्हणून दोन फोन करावे लागले.

अम्मीचा मुसल्ला आता तिच्या खोलीत, खिडकीसमोर असतो. मेहुणा विचार करतो म्हणालाय.