चैत्रांतील नाणेघाट

वर्षाकाळीं नाणेघाटांत माणसांची जत्रा लोटते. चैत्रांत वैशाखऱ्याहून वर चढणारी तीच वाट निवांत असते, आणि आम्हांस ती तेव्हांच प्रिय वाटते. रानांत पळस फुललेला असतो. परंतु वाळलेल्या गवतावरून व मुरमावरून पाय फार सरकतो, विशेषतः उतरतांना; मुलांस हें बजावून सांगावें. वरच्या प्राचीन टांक्यांच्या भरंवशावर न राहतां माणशीं तीन लिटर पाणी घरूनच न्यावें. पहांटे निघून उन्हापूर्वीं माथ्यावरचें लेणें गांठावें. तेथें सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्राकृत लेख आहे. यज्ञांत दक्षिणा दिलेल्या गाईंची ती गणना पाहतां श्रम विसरतात. मात्र धूर करूं नये. कपारींतलें आग्या मोहोळ उठलें, तर त्या एकांतांत धांवून येणार कोण?