आईच्या खात्यातले जास्तीचे तीन लाख

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब अडकलेली, आणि आईचा फोन. ‘अगं, बँकेचं पत्र आलंय. मी म्हणे सरकारचे तीन लाख घेतलेत.’

आवाज असा, की जणू दारात पोलीस उभे आहेत.

ही जुलै 2022 ची गोष्ट. माझे बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात क्लार्क. डिसेंबर 2011 मध्ये रिटायर झाले आणि दीड वर्षात गेलेच. तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा, पासबुकात एंट्री मारून आणायची, झालं. पेन्शन किती असायला हवी, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडलाच नाही.

आता नियम ऐका. निवृत्तीनंतर कर्मचारी गेला तर कुटुंबाला सुरुवातीला वाढीव दराने पेन्शन मिळते. किती काळ? 7 वर्षं किंवा तो हयात असता तर 67 वर्षांचा झाला असता ती तारीख, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. त्यानंतर दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांवर येतो. बाबांना 67 पूर्ण झाली असती डिसेंबर 2018 मध्ये. म्हणजे जानेवारी 2019 पासून आईची मूळ पेन्शन 15 हजारांवरून 9 हजारांवर यायला हवी होती. आलीच नाही. 42 महिने दरमहा सहा हजार जास्त, वर त्याचा महागाई भत्ता. एकूण 3,04,200 रुपये.

सोमवारी सुट्टी टाकून बँकेत गेले. काउंटरवरचे साहेब शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, सिस्टिममध्ये तारीख फीड झाली नव्हती.’ चूक तुमची, मग भरायचं आम्ही का? मी बरीच तणतणले. महिन्यागणिक हिशोब लेखी मागितला आणि घरी येऊन एक्सेलमध्ये टाकून तपासला. एका रुपयाचीही चूक नाही! साडेतीन वर्षं पैसे देताना चुकलेले लोक वसुलीत मात्र परफेक्ट होते.

मग रात्री दोन वाजेपर्यंत नेटवर. सुप्रीम कोर्टाचा 2014 चा निकाल सापडला. निवृत्त आणि खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना चुकून जास्त दिलेले पैसे वसूल करणं योग्य नाही, असं सांगणारा. जिंकलो! सकाळी कॉलेजातल्या वकील मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, ‘पेन्शन सुरू होताना आईंनी हमीपत्रावर सही केली असेल बघ. जास्त पैसे आले तर परत करीन, असं. 2016 मध्ये त्याच कोर्टाने एका न्यायिक अधिकाऱ्याच्या केसमध्ये म्हटलंय, लेखी हमी असेल तर वसुली होऊ शकते. लढता येईल, पण वेळ जाईल आणि खात्री नाही. आधी घरातले कागद बघ.’

कपाटाच्या वरच्या कप्प्यात बाबांची फाईल होती. त्यात हमीपत्राची झेरॉक्स, आईच्या वळणदार सहीसकट. आणि त्याच्याखाली पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. त्यावर वाढीव दर, साधा दर आणि दर बदलण्याची तारीख, सगळं स्वच्छ टाइप केलेलं. नऊ वर्षं ते आमच्याच घरात होतं.

माझ्या पगारातून 200 रुपये जास्त कापले गेले तरी मी एचआरला तीन मेल टाकते. पण आईचं नेटबँकिंग मीच बघायचे आणि हा कागद मी एकदाही उघडला नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, ती मी मैत्रिणीला सांगितली नव्हती. 2021 मध्ये माझ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला आईने दोन लाख दिले होते. ‘पेन्शनीतले साठलेत, मला काय करायचेत?’ म्हणाली होती. म्हणजे सरकारचे ते जास्तीचे पैसे माझ्याच हॉलच्या व्हिट्रिफाइड टाइल्समध्ये होते. मी तत्त्वासाठी भांडतेय असं मला वाटत होतं. खरं तर थोडं टाइल्ससाठीही भांडत होते.

आईला सगळं सांगितलं, कोर्टाचंही. तिने एकच विचारलं, ‘ते पैसे आपले होते का?’

‘नव्हते. पण तू मागितलेही नव्हतेस.’

‘मग देऊन टाकू. मात्र एकदम नाही जमणार, हे त्यांना सांग.’

एकदम जमणारच नव्हतं. पेन्शन वीस हजारांवरून बारा हजारांवर आली होती, त्यात वसुली. आम्ही अर्ज केला. आईने एक एफडी मोडून 1,00,200 भरले, उरलेले 4,000 च्या 51 हप्त्यांत. ते हप्ते मी भरते म्हटलं तर चिडली. ‘सही माझी आहे.’ शेवटी तह झाला. हप्ता तिच्या पेन्शनीतून कापायचा आणि मी दर महिन्याला तेवढेच तिच्या खात्यात टाकायचे, फ्लॅटचे दोन लाख फिटेपर्यंत. डायरीत माझ्या नावाचं पान तिने लगेच उघडलं. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘येणे 2,00,000.’

तेव्हा या वीकएंडला घरी जाल, तर जेवणानंतर एक काम करा. आई-बाबांचा पीपीओ मागून घ्या. त्यावरची तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर म्हणून टाका. खात्यात येणारी रक्कम कागदाशी जुळते का बघा. कधी वसुलीचं पत्र आलंच, तर सही करण्याआधी महिन्यागणिक हिशोब लेखी मागा, आणि हप्ते मागायला लाजू नका.

मी आता दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता वाढला की आईची पेन्शन तपासते. परवा तिला म्हटलं, ‘या वेळी बरोबर आलीय.’

ती म्हणाली, ‘माहितीये. मी आधीच बघितली.’