शेपटीकडे बघा

फोनवर लोक सापाचं डोकंच सांगतात. ‘दादा, तोंड तिकोनी हाय, इखारीच असणार.’ मी विचारतो, शेपटी दिसती का? पलीकडच्याला वाटतं, हा चेष्टा करतोय. पण त्रिकोणी डोक्याचा नियम घोणस आणि फुरशापुरता. नाग आणि मण्यार त्यात बसतच नाहीत. त्यात मण्यार सर्वांत फसवी.

तिच्यासारखा दिसणारा कवड्या बिनविषारी. पालींच्या मागे भिंत चढतो, जुन्या माळवदाच्या तुळयांत सापडतो. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे, दोघंही रात्री फिरणारे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं. निळसर काळ्या अंगावरचे दुधाळ, बारीक, बहुधा जोडीनं येणारे पट्टे मान सोडून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. अर्थात, मण्यारीच्या पिल्लाला पुढेही पट्टे असू शकतात. मग पाठीच्या मधोमध जाणारी मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ बघावी लागते. ती दिसण्याइतकं जवळ तुम्ही जाऊ नये.

मंगळवेढ्याकडे कडब्याची गंज उपसताना घोणस निघाली असा फोन आला, की तिथंही मी शेपटीच विचारतो. अगदी आखूड असेल तर ती डुरक्या घोणस, बिनविषारी. खऱ्या घोणशीची शेपटी निमुळती, पाठीवर गोल ठिपक्यांच्या तीन सरळ ओळी, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. तो एकदा ऐकलेला माणूस पुन्हा चुकत नाही.

धामणीला ओठांवरच्या काळ्या रेघा पुरतात. तरी ती नाग म्हणून मारली जाते, आणि वर म्हशीचं दूध पिते असंही ऐकवलं जातं. इतके उंदीर खाणारा साप शेतकऱ्यानंच मारावा, याचा मला अजून राग येतो.

एवढी ओळख चावा होण्याआधी कामाची, नंतर नाही. मण्यारीचे दात इतके बारीक की जमिनीवर झोपलेल्याला ती चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. तेव्हा साप शोधत बसू नका, मारून बरणीत घालून आणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, आणि डॉक्टर ते लक्षणं बघून देतात. गाडी काढा आणि थेट सिव्हिल गाठा.