संग्राह्य

‘वाचनीय आणि संग्राह्य’ हे शब्द आपण पुस्तक-परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत इतक्या सढळ हाताने वापरतो की, वीस वर्षे मराठी शिकवूनही आम्हां दोघांना त्यांतल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ कधी तपासावासा वाटला नव्हता. तो तपासायला लावला आमच्या चिरंजीवांनी, आणि तोही मोटारींच्या निमित्ताने.

त्याच्या दहावीच्या वर्षी आम्ही त्याच्या छोट्या धातूच्या मोटारींचे खोके भंगारवाल्याला देऊन टाकले होते. तेव्हा तो काही बोलला नाही. आज तो पुण्यात वाहन-उद्योगातच नोकरी करतो. गेल्या दिवाळीत त्याने आम्हांला इथले रणगाडा संग्रहालय दाखवायला नेले. १९९४ साली सुरू झालेले हे संग्रहालय नगरात (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय व्हायची आहे) राहूनही आम्ही नीट पाहिले नव्हते. तिथे एक जपानी ‘हा-गो’ आहे, साडेसात टनांच्या आतला; आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला अमेरिकी पॅटन, त्याच्या सहापट वजनाचा. दोन वेगळ्या युद्धांतल्या यंत्रांची तुलना न्याय्य नव्हे, हे त्यानेच सांगितले. “पण माझ्या खोक्यातही असंच होतं,” असे म्हणून तो बोलू लागला.

१९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रेच्या मागच्या काचेच्या मधोमध एक उभी पट्टी होती. ती रचनाकार बिल मिचेल यांच्या हट्टाने आली. मागचे दिसत नाही, म्हणून अभियंते झोरा आर्कस-डुंटोव यांचा तिला विरोध. १९६४ साली ती गेली. मग १९६३ च्या काही मालकांनीही पट्टी कापून नवी अखंड काच बसवून घेतली. आज संग्राहकांना हवी असते ती पट्टीवालीच! हे ऐकून आम्ही चमकलोच. ही तर आमची पाठचिकित्सा: नव्या प्रतीबरहुकूम जुनी पोथी ‘शुद्ध’ करणारे लेखनिक आणि मूळ पाठासाठी हळहळणारे संपादक.

जपानी गाड्यांत टोयोटाची २००० जीटी (१९६७–७०) सर्वांत मानाची. यामाहाच्या साहाय्याने जेमतेम ३५१ तयार झाल्या, आणि २०१३ मध्ये एकीला लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. क्रमांक घातलेल्या मर्यादित आवृत्तीसारखी ती जन्मतःच संग्राह्य. असो. आमचा जीव जडला तो डॅटसन २४० झेडवर. १९७० साली अमेरिकेत किंमत ३,५२६ डॉलर, इंजिन २.४ लिटरचे, स्टिंग रेचे आठ सिलिंडरांचे इंजिन याच्या दुपटीहून मोठे. तरीही अमेरिकनांनी ती लाखाच्या वर विकत घेतली, रोज कचेरीला नेली, पावसात उभी केली. पत्रा गंजून कितीतरी गाड्या संपल्या. वाचलेल्या, उसन्या दिलेल्या, शेवटी रद्दीत गेलेल्या दिवाळी अंकांसारख्याच. उरल्या त्यांना मोल आले. जपून ठेवलेल्या वस्तूपेक्षा वापरून उरलेली वस्तू अधिक संग्राह्य, असे आमच्यापैकी एकाचे मत झाले. दुसऱ्याचे मत अजून कॉर्व्हेटच्या त्या पट्टीशी अडले आहे.

ठेवायची झाली तर कोणती ठेवशील, असे आम्ही त्याला विचारले. तो हसला. “दोन्ही होत्या की,” एवढेच म्हणाला.

परवा माळ्यावरचे जुने अंक खाली काढताना गठ्ठ्यामागे एक नारिंगी डॅटसन सापडली. पुढचे एक चाक नाही. आम्ही ती पुसून टेबलावर ठेवली आहे आणि चाकासाठी उरलेले गठ्ठे उपसतो आहोत.