पारावरची मोकळी जागा

श्रावणातला सोमवार. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचलेल्या, बाहेर कुस्त्यांचा आखाडा. गर्दीतून वाट काढत निवृत्त गुरुजी नेहमीच्या पारावर टेकले. शेजारची जागा मात्र कोणी न सांगताही मोकळी राहिली.

तिथं बसणारा मित्र दोन वर्षांपूर्वी गेला. कोणी चितपट झालं की तो ओरडायचा, "लागली पाठीला माती, आता बाजरी पेरा!"

आज कुस्ती निकाली निघाली आणि चौघांच्या तोंडून एकदमच तेच वाक्य बाहेर पडलं. सगळे खदखदून हसले. मग एकानं उपरण्यानं डोळे पुसले.

गुरुजींना विनोदी नट राम नगरकर आठवले. नगरकर, निळू फुले, दादा कोंडके, तिघंही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वावरलेले. नगरकर १९९५ मध्ये गेले, दादा १९९८ मध्ये, निळूभाऊ २००९ मध्ये. नाभिकाच्या घरातलं आपलं जगणं नगरकरांनी 'रामनगरी' या आत्मकथनात हसत हसत सांगितलं. त्यातला किस्सा कोणी रंगवू लागलं की गुरुजींना ते समोर उभे दिसतात. शोकसभेत माणसाचे नुसते गुण मोजले जातात. किश्शात त्याचा आवाज येतो, तो कुठं थांबायचा तेही ऐकू येतं.

"आजोबा, बाजरीचं काय म्हणालात?" नातवानं विचारलं.

गुरुजींनी त्याला मोकळ्या जागेवर बसवलं, रेवड्यांचा पुडा सोडला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.