तिकोण्याची उतरण

‘मुलीला नाच कशाला शिकवतेस?’ असं नणंदेनं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, ‘व्यायाम होतो.’

माझी बारा वर्षांची मुलगी पुण्यात आठवड्यातून दोनदा बॅलेच्या क्लासला जाते. ‘ये बॅले’ सिनेमा पाहून तिनं हट्ट धरला होता. नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह येहुदा माओर यांच्याकडे शिकला आणि 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. सिनेमा त्याच्या आणि मनीष चौहानच्या आयुष्यावर बेतलेला आहे. नातेवाइकांपुढे मी अमीरुद्दीनचं नाव ढालीसारखं धरायची.

डिसेंबरात आम्ही तिकोण्याला गेलो. तिकोणा पेठेत गाडी लावली आणि निघालो. नाचणारी मुलगी, तिला काय अवघड, असं मला वाटत होतं. ती निम्म्या वाटेतच धापा टाकू लागली. वरच्या उंच दगडी पायऱ्या कशाबशा चढली. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर बसायला लागली. मागून पेठेतल्या एक मावशी ताकाचा रिकामा कॅन डोक्यावर घेऊन झपाझप उतरत आल्या. माझ्या अम्मीपेक्षाही मोठ्या असतील. थांबून म्हणाल्या, ‘पोरी, गुडघा दुखतोय व्हय गं? कवापासनं?’

‘दोन महिने झाले.’

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. नमाजमध्ये अत्तहियातला ती नीट बसायची नाही, म्हणून मी तिला दोनदा रागावलेही होते.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर फुप्पी म्हणाली असती, बघ मी सांगत होते. मग तू क्लास बंद केला असतास.’

खोटं नव्हतं. नणंदेशी वाद जिंकायच्या नादात मी मुलीकडे पाहिलंच नव्हतं.

फिजिओथेरपिस्टनं तिला एका पायावर उभं करून गुडघा हळूहळू वाकवायला सांगितला. गुडघा आत पडला, कंबर एका बाजूला कलली. कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर होते. बॅलेत पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून. खुबा तेवढा वळत नसेल तर मुलं पाऊल जबरदस्तीनं वळवतात आणि पीळ गुडघ्याला बसतो. त्यात हे वाढीचं वय. हाडं झपाट्यानं लांबतात, स्नायू मागून येतात. पायरी उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात. उडी मारून खाली येतानाही तेच. तिचा ब्रेकच कच्चा होता.

दमाचं कारणही कळलं. तासाभराच्या क्लासमध्ये बराच वेळ आपली पाळी यायची वाट पाहण्यात आणि चुका सुधारण्यात जातो. छाती भरून येईल असं सलग काम थोडंच होतं. बाकी दिवस शाळेचा बाक, व्हॅन आणि गृहपाठ.

उड्या काही आठवडे बंद ठेवल्या, क्लास नाही. घरच्या जिन्यावर एका पायानं सावकाश उतरणं, टाचा उचलणं, कुशीवर झोपून पाय वर नेणं आणि संध्याकाळी अर्धा तास भरभर चालणं सुरू झालं. तिच्याबरोबर मीही करते. माझा गुडघा तिच्यापेक्षा जास्त आत पडतो, हे तिनंच मला आरशात दाखवलं.

आता ती अत्तहियातला दोन्ही पाय दुमडून बसते. मार्चमध्ये पुन्हा तिकोण्याला गेलो, तेव्हा न बसता उतरली. त्या मावशी दिसल्या नाहीत.

नणंदेनं परवा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, ‘नाचता यावं म्हणून व्यायाम करते ती.’